अँटीव्हायरसची खरेदी आणि कोपऱ्यातला ‘सर्व्हर’

विशेष प्रतिनिधी

भाईंदर - मार्च महिना उजाडला की मीरा रोड-भाईंदरच्या छोट्या कार्यालयांमध्ये संगणकांची देखभाल करणारा माणूस अँटीव्हायरसच्या नूतनीकरणाचे बिल घेऊन येतो. कोणते अँटीव्हायरस घ्यायचे, याची चर्चा पाच मिनिटांत आटोपते. गेल्या वर्षी होते तेच, नाहीतर त्याहून दोनशे रुपयांनी स्वस्त मिळेल ते. दहा संगणक असतील तर दहा परवाने घेतले जातात. कोपऱ्यातल्या अकराव्या यंत्राचे काय, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. कार्यालयाचा सगळा जीव मात्र त्या अकराव्या यंत्रात असतो.

या यंत्राला सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात. प्रत्यक्षात तो अनेकदा लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला साधा संगणकच असतो. त्याला मॉनिटर नसतो, शेजारी यूपीएस घरघरत असतो आणि त्याच्यावर टॅलीचा सगळा डेटा व सर्वांसाठी खुले ठेवलेले एक फोल्डर असते. भाईंदर पूर्वेतील स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांपासून मीरा रोडमधील सनदी लेखापाल, जीएसटी सल्लागार, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आणि खासगी शिकवण्यांपर्यंत हेच चित्र थोड्याफार फरकाने दिसते. त्यामुळे कोणते अँटीव्हायरस चांगले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना सुरुवात या यंत्रापासून करायला हवी. आपल्याकडे ती नेमकी उलट्या टोकाने, म्हणजे खोक्यावरच्या किमतीपासून होते.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे चालून जात होते. त्या काळचे विषाणू उपद्रवी होते. संगणक मंद करत, पेन ड्राइव्हवरच्या फायली लपवून ठेवत आणि फार झाले तर विंडोज पुन्हा टाकायला लावत. ‘फॉरमॅट मारा’ हा त्यावरचा रामबाण उपाय होता. आताचा धोका रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणीखोर विषाणूचा आहे. तो फायली कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. त्याची कार्यपद्धती समजून घेतली की छोट्या कार्यालयातील सर्व्हर का सापडतो, ते लक्षात येते. विषाणू शिरतो एखाद्या कारकुनाच्या संगणकात, बिलाच्या नावाने आलेल्या ई-मेलमधून. त्या संगणकावर सर्व्हरचे सामायिक फोल्डर एखाद्या ड्राइव्हसारखे उघडे असते. विषाणू तेथल्याच फायली ओढून, त्यांचे रूपांतर करून पुन्हा लिहू लागतो. तो स्वतः सर्व्हरवर कधी चालतच नाही. सर्व्हरवरील अँटीव्हायरसला एवढेच दिसते की, एक अधिकृत वापरकर्ता भराभर फायली बदलतो आहे. अशा हालचालीचा संशय घेऊन तो जोड तोडणारे उत्पादन असेल तर गोष्ट वेगळी. घरगुती आवृत्तीकडून ती अपेक्षा करता येत नाही.

यात पणाला काय लागते, हे समजण्यासाठी मीरा रोडमधील एखाद्या लेखा-कार्यालयाचा विचार करावा. या शहरात गृहनिर्माण संस्थांची संख्या प्रचंड आहे आणि त्यांपैकी अनेकांचे हिशेब बाहेरच्या छोट्या कार्यालयांत लिहिले जातात. एकाच यंत्रावर तीस-चाळीस सोसायट्यांची देखभाल बिले, थकबाकी, सिंकिंग फंड असे सारे नोंदलेले असते. ३१ मार्चला वर्ष संपते आणि ३० सप्टेंबरपूर्वी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. मध्ये यंत्रावरील डेटा गेला, तर तो केवळ त्या कार्यालयाचा राहत नाही, चाळीस इमारतींतील रहिवाशांचा प्रश्न होतो. कारखानदाराची अडचण निराळी. जीएसटी कायद्यानुसार त्याला हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायचे असतात आणि दर महिन्याची विवरणपत्रेही थांबत नाहीत. कंपनी असेल तर ऑगस्ट २०२२ मध्ये बदललेल्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबवह्यांचा बॅकअप रोजच्या रोज, तोही भारतातील सर्व्हरवर, ठेवणे बंधनकारक आहे. ही अट किती छोट्या कंपन्यांच्या संचालकांना ठाऊक आहे, हा वेगळ्या बातमीचा विषय होईल.

मंत्रालयातून एमआयडीसीत

‘आपल्यासारख्या छोट्यांकडे कोण कशाला येईल?’ हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. मे २०१६ मध्ये ‘लॉकी’ नावाचा खंडणीखोर विषाणू थेट मंत्रालयात शिरला आणि दीडशेच्या आसपास संगणक निकामी झाले. ‘लॉकी’ पसरत होता तो सरसकट पाठवलेल्या ई-मेलमधून. त्याला मंत्रालय आणि गाळा यांतला फरक कळत नव्हता. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी सुमारे दोन महिने, १४ मार्चलाच उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले.

त्याच वर्षीच्या जून महिन्यातील प्रसंग छोट्या कार्यालयांनी विशेष अभ्यासावा असा आहे. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ हा विषाणू युक्रेनमध्ये प्रकटला, आणि तो आला कशातून, तर तेथील एका लोकप्रिय हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून. म्हणजे आपल्याकडे टॅलीचे जे स्थान आहे, साधारण तशाच वस्तूतून. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे न्हावाशेवा येथील जेएनपीटीचे टर्मिनल ठप्प झाले. मर्स्कला ४५ हजार संगणक व ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनीच नंतर सांगितले. वापरकर्त्यांची मूळ नोंदवही ठेवणारे सर्व्हर जगभर नष्ट झाले होते. वाचला तो घाना देशातील एक. का, तर हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती! भारनियमनाचे असे उपकार क्वचितच झाले असतील. मर्स्कचे नशीब त्या एका बंद पडलेल्या यंत्राने राखले. छोट्या कार्यालयाने हेच काम ठरवून करायचे आहे. त्याकडे पुढे येऊच.

मात्र या विषयात सर्वाधिक बोलका दाखला आहे तो महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि मुख्यालयासह राज्यभरातील कार्यालयांचे ऑनलाइन कामकाज थांबले. महामंडळाने त्या वेळी काढलेल्या निवेदनात दोन गोष्टी होत्या. एक, त्यांच्याकडे नामांकित परदेशी कंपनीचे परवानाधारक अँटीव्हायरस होते. दुसरी, काही दिवसांचे बॅकअप जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेले होते आणि त्यांना बाधा झाली नव्हती. या दोन वाक्यांत सगळे आले. अँटीव्हायरस असूनही हल्ला झाला आणि वेगळा ठेवलेला बॅकअप उपयोगी पडला.

मग अँटीव्हायरस घेऊच नये काय? तसा अर्थ काढणे वेडेपणाचे ठरेल. दाराला कुलूप असूनही घरफोडी होते, म्हणून कोणी दार उघडे टाकत नाही. प्रश्न कुलूप कोणत्या दाराला लावतो आणि किल्ली कोणाकडे असते, याचा आहे.

खोक्यावर काय लिहिले आहे?

मराठी माणसाला या धंद्याचे थोडे अप्रूप आहे. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरच्या कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. त्यांचे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात विषाणू काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. मुंबईतील ‘ई-स्कॅन’ आणि चेन्नईतील ‘के-७’ याही देशी कंपन्या. दुकानात त्यांच्या शेजारी अर्धा डझन परदेशी नावे असतात. विक्रेता ज्यावर कमिशन अधिक, त्याची भलामण करतो, ही वस्तुस्थिती आहे.

उत्पादनांची तुलना करायची तर दुकानदारापेक्षा जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कम्पॅरेटिव्हज्’ या स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल पाहावेत. ते विनामूल्य उपलब्ध असतात. या निकालांतून दोन गोष्टी उघड होतात. पहिल्या रांगेतील उत्पादनांमध्ये विषाणू पकडण्याच्या बाबतीत फार मोठे अंतर राहिलेले नाही. आणि विंडोजबरोबर फुकट येणारे ‘डिफेंडर’, ज्याची एके काळी थट्टा होत असे, ते गेली काही वर्षे वरच्या गुणांमध्ये असते. त्यामुळे तीन-चार संगणकांचे, सर्व्हर नसलेले कार्यालय असेल, विंडोज अधिकृत आणि अद्ययावत असेल, तर डिफेंडरवर भागवून वाचलेले पैसे बॅकअपवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे, असे आमचे मत आहे. विक्रेत्यांना ते रुचणार नाही.

पण संगणक आठ-दहाच्या पुढे गेले आणि सर्व्हर आला की गणित बदलते. येथे घरगुती आवृत्तीची दहा खोकी घेणे ही चुकीची काटकसर आहे. पहिली अडचण परवान्याची. घरासाठीच्या बहुतेक आवृत्त्या विंडोज सर्व्हर या प्रणालीवर बसतच नाहीत. त्यासाठी सर्व्हरचा वेगळा परवाना लागतो. तो महाग पडतो म्हणून सर्व्हर उघडा राहतो. किंवा मग सर्व्हरच्या जागी साधे विंडोज टाकले जाते आणि त्यावर घरगुती आवृत्ती चढवली जाते. दुसरी अडचण देखरेखीची. दहा स्वतंत्र खोकी म्हणजे दहा स्वतंत्र इशारे, आणि ते वाचणार कोण? स्वागतकक्षातील संगणकावरचा लाल चौकोन आठवडाभर तसाच असतो. तेथे बसणारा त्यावर ‘नंतर आठवण करा’ असे दाबून कामाला लागतो. व्यावसायिक आवृत्तीत सगळ्या यंत्रांची स्थिती एका पडद्यावर दिसते. कोणाचे अद्ययावतीकरण थांबले, कोणी संरक्षण बंद केले, हे मालकाला किंवा एएमसी घेतलेल्या तंत्रज्ञाला तेथे कळते. खरेदी करताना पैसे मोजायचे ते मुख्यतः या पडद्यासाठी आणि तो रोज कोण पाहणार, हे एएमसीच्या करारात लिहून घेण्यासाठी.

तिसरी गोष्ट अगदी साधी, पण दुर्लक्षित. अँटीव्हायरसला त्याचा स्वतःचा पासवर्ड असतो. तो लावलेला नसेल, तर आत शिरलेला भामटा सर्वप्रथम अँटीव्हायरस काढून टाकतो आणि मग निवांतपणे कुलपे घालतो. आजचे अनेक हल्ले याच क्रमाने होतात.

सर्व्हरबाबत आणखी एक बारीक मुद्दा. साध्या विंडोज १० वा ११ मध्ये दुसरे अँटीव्हायरस बसवले की डिफेंडर आपोआप बाजूला होते. विंडोज सर्व्हरमध्ये ते तसे होत नाही. ते तंत्रज्ञाने हाताने काढावे किंवा बंद करावे लागते. तसे न केल्यास दोन राखणदार एकाच फाईलवर झडप घालतात, यंत्र रडतखडत चालते आणि मग वैतागून दोन्ही बंद केले जातात.

राखणदाराचीही राखण

अँटीव्हायरस हा संगणकातील सर्वाधिक अधिकार असलेला प्रोग्रॅम असतो, याची जाणीव १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाला झाली. ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘अवास्ट’च्या संशोधकांनी जाहीर केले की, ‘ई-स्कॅन’ची अद्ययावते असुरक्षित मार्गाने जात असल्याचा फायदा घेऊन हल्लेखोर वाटेत विषाणू मिसळत होते, ती त्रुटी कंपनीने जुलै २०२३ मध्ये दूर केली होती. अमेरिकेने २०२४ मध्ये ‘कॅस्परस्की’वर बंदी घातली, तेव्हा तेथील ग्राहकांच्या संगणकांवर एक अनोळखी अँटीव्हायरस परस्पर येऊन बसले. यातून अमुक एक कंपनी टाळा, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मात्र विक्रेत्याला ‘तुमची अद्ययावते कशी येतात, आणि चूक झाली तर भाईंदरला माणूस किती वेळात येतो?’ हे दोन प्रश्न विचारायला हरकत नसावी. दुसऱ्या प्रश्नात देशी कंपन्या अनेकदा बाजी मारतात.

आता घरच्या भानगडींकडे. छोट्या कार्यालयात अँटीव्हायरस हरते त्याआधी ते आपल्याच माणसांकडून बंद केले गेलेले असते. टॅली मंद चालते, अशी तक्रार आली की पहिली कुऱ्हाड अँटीव्हायरसवर पडते. टॅलीचे फोल्डर तपासणीतून वगळले जाते. वेगासाठी काही वेळा ते आवश्यकही असते. पण मग खंडणीखोर विषाणूला हवे असलेले नेमके फोल्डर बिनपहाऱ्याचे राहते, आणि त्या बदल्यात रोजचा बॅकअप अनिवार्य होतो, हे कोणी सांगत नाही. दुसरी भानगड चोरीच्या सॉफ्टवेअरची. विंडोज किंवा टॅली फुकटात ‘चालू’ करून देणारे छोटे प्रोग्रॅम अँटीव्हायरस पकडते, म्हणून ते आधी बंद करायला सांगितले जाते. हा सल्ला देणाराच पुढे अँटीव्हायरसचे बिलही देतो, हा या धंद्यातील विनोद आहे.

तिसरी भानगड टाळेबंदीत सुरू झाली आणि तशीच राहिली. लेखनिकाला विरार किंवा नालासोपाऱ्याहून काम करता यावे म्हणून २०२० मध्ये अनेकांनी राउटरमधून सर्व्हरचे ‘रिमोट डेस्कटॉप’ इंटरनेटवर उघडले. जगभरची यंत्रे दिवसरात्र अशी उघडी दारे शोधत असतात आणि पासवर्ड एकामागून एक लावून पाहतात. कंपनीचे नाव आणि पुढे १२३, असा पासवर्ड असेल तर फार वेळ लागत नाही. आत आलेली व्यक्ती यंत्राच्या दृष्टीने मालकच असते. ते दार बंद करून व्हीपीएन लावणे, निदान दुसऱ्या टप्प्याची पडताळणी ठेवणे, हे कोणत्याही अँटीव्हायरसपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

संगणकाच्या पडद्यावर ‘तुमच्या यंत्रात विषाणू आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी खिडकी उघडते, त्याबाबत मीरा रोडकरांना तरी वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर २०१६ मध्ये येथल्याच कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी छापे घातले आणि सुमारे सातशे जणांना ताब्यात घेतले. कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकेतील लोकांना लुबाडले जात होते. विषाणूची भीती घालणाऱ्या खिडकीमागेही तशीच, फोनवर घाबरवून पैसे काढणारी यंत्रणा असते. खरे अँटीव्हायरस फोन क्रमांक दाखवून पैसे मागत नाही.

जुन्या यंत्रांचे काय, हा प्रश्नही टाळता येणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. या शहरातील गाळ्यांत असे संगणक आजही आहेत आणि त्यांतील अनेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. मुदतवाढीची सुरक्षा सेवा मिळते, पण ती कायमची नाही. विंडोज सर्व्हर २०१२ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्येच संपली असून, सर्व्हर २०१६ साठी १२ जानेवारी २०२७ ही तारीख आहे. प्रणालीच उघडी असेल तर नवे अँटीव्हायरस म्हणजे पडक्या भिंतीला महागडा दरवाजा. अंदाजपत्रक करताना हा खर्च आधी धरावा.

वीज गेलेला सर्व्हर

घानातील त्या सर्व्हरची छोटी आवृत्ती करणे अवघड नाही. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. एक आज जोडावी, बॅकअप झाला की काढावी, उद्या दुसरी. कायम जोडून ठेवलेली डिस्क विषाणूला आणखी एका ड्राइव्हसारखीच दिसते आणि तीही कुलूपबंद होते. जाळ्यातील साठवण-पेटी घेतली की झाले, असेही नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटला थेट जोडलेल्या अशा पेट्यांवरच हल्ला चढवला होता. डिस्कांपैकी एक मालकाच्या घरी जावी. पावसाळ्यात तळमजल्यावरच्या गाळ्यात दोन्ही ठेवण्यात अर्थ नाही. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरून टॅलीची एक कंपनी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. बॅकअप ‘होत होता’, पण उघडत नव्हता, हे हल्ल्याच्या दिवशी समजणे फार वाईट.

कायद्याची बाजूही आता पूर्वीसारखी ढिली राहिलेली नाही. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. लघुउद्योगांना यात फक्त मुदतवाढ मिळाली होती, ती २५ सप्टेंबर २०२२ ला संपली. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आणि शिकवणी वर्ग यांनी ती तारीख आतापासून डोळ्यांसमोर ठेवावी, कारण रुग्णांचे अहवाल आणि मुलांची माहिती त्यांच्याच यंत्रांवर असते.

हल्ला झालाच तर पहिले काम म्हणजे सर्व्हरची जाळ्याची वायर उपटणे. तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारला स्वतंत्र पोलिस आयुक्तालय असल्याने पूर्वीसारखी ठाण्याची वारी करावी लागत नाही. तंत्रज्ञ सवयीने ‘फॉरमॅट मारा’ म्हणेल, ते ऐकू नये. पुरावा जातो, आणि दुसरे असे की काही विषाणूंच्या किल्ल्या नंतर सापडतात. युरोपोल व डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अशा किल्ल्या विनामूल्य मिळतात. ‘गँडक्रॅब’ने ज्यांचा डेटा कुलूपबंद केला होता, त्यांपैकी अनेकांना २०१९ मध्ये तो पैसे न देता परत मिळवता आला. अट एकच होती, कुलूपबंद झालेली डिस्क त्यांनी तोवर पुसलेली नसावी.